बाळंतविड्यातील एक पुस्तक : मातृत्वाचे वास्तव सांगणारे मराठी ग्रंथ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



पूर्णा हे जंक्शनचे गाव. परभणीकडून, नांदेडकडून आणि हिंगोली-अकोल्याकडून येणारे लोहमार्ग येथे एकत्र येतात. या स्थानकावर पिढ्यान्‌पिढ्या एक दृश्य दिसत आले आहे. सातवा-आठवा महिना लागलेली लेक पहिल्या बाळंतपणासाठी गाडीतून उतरते. वडील किंवा भाऊ सामान घेतात, आई हात धरते. पुढे काही महिन्यांनी तीच लेक कुंचीतले बाळ मांडीवर घेऊन सासरच्या गाडीत बसलेली दिसते. तिच्याबरोबर बाळंतविडा असतो. झबली, टोपडी, दुपटी, बाळाचे वाळे, चांदीची वाटी, वेखंडाचे कांडे, बाळंतशेपेची पुडी, डिंकाचे व अळिवाचे लाडू. माहेरच्या मायेने काहीही उणे ठेवलेले नसते. त्या सामानात पुस्तक मात्र क्वचितच असते.

पुस्तकाचे नाव निघताच साहजिकच प्रश्न येतो. मूल वाढवणे हे काय पुस्तकातून शिकायचे असते? आजीने, पणजीने कोणते पुस्तक वाचले होते? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे. आजीच्या घरात दहा माणसे होती. बाळंतिणीच्या खोलीत सुईण होती, आत्या होती, शेजारची अनुभवी काकू होती. आजची लेक पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात दोन खोल्यांच्या घरात रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळापाशी एकटी बसलेली असते. त्या घटकेला तिला आईच्या थोरवीचे गाणे उपयोगी पडत नाही. हे असेच असते, दुसऱ्या बायांनाही असेच झाले होते, यातून वाट निघते, असे कोणीतरी सांगावे लागते. ज्या पुस्तकांनी हे सांगितले, त्यांचा परिचय करून देणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

साक्षर समाज आणि न वाचलेले पान

या विषयाचे गांभीर्य जैन समाजाला एका आकड्यावरून कळावे. २००१ च्या जनगणनेची धर्मनिहाय आकडेवारी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. देशातील सर्व प्रमुख धर्मीय समाजांत जैन समाजाची साक्षरता सर्वाधिक, ९४.१ टक्के होती. स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के होती. ही अभिमानाची बाब खरीच. परंतु त्याच आकडेवारीत आणखी एक रकाना होता. शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या जैन समाजात ८७० होती. देशाची सरासरी ९२७ होती. जैनांहून कमी प्रमाण केवळ शीख समाजात, ७८६, होते. २०११ च्या जनगणनेत जैन समाजाचा आकडा ८८९ वर आला, म्हणजे काही सुधारणा झाली. तरीही तो देशाच्या ९१८ या सरासरीच्या मागेच राहिला.

मुंगीलाही पाय लागू नये म्हणून जपून चालणाऱ्या समाजात हे घडले. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. परंतु कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचतो. घरातील अपेक्षेपर्यंत पोहोचत नाही. ती अपेक्षा बाळंतिणीच्या मनावर किती भार टाकते याचा पुरावाही उपलब्ध आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासले असता २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त आढळल्या. त्यांपैकी बहुतेकींच्या मनाची अस्वस्थता गरोदरपणातच दिसू लागली होती. आर्थिक ओढाताण आणि पतीकडून होणारा छळ ही कारणे होतीच. मुलगी झाली तर या कारणांचा भार वाढतो आणि मुलगा झाला तर हलका होतो, असेही त्या अभ्यासात दिसले. पुढे २०१७ मध्ये भारतातील ३८ अभ्यास एकत्र करून काढलेले प्रमाणही २२ टक्के निघाले. म्हणजे साधारणपणे पाच बाळंतिणींत एक. पूर्ण्याच्या स्थानकावर उतरणाऱ्या लेकी या हिशेबाबाहेर असतील असे मानण्यास काही आधार नाही.

अक्षर वाचणारा समाज आपल्या घरातील बाळंतिणीचे मन वाचू शकला नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. मातृत्वाविषयीची खरी पुस्तके वाचावयाची ती याच कारणासाठी.

धर्मग्रंथातील व जात्यावरील आई

गर्भवतीच्या मनाची काळजी हा काही पाश्चात्त्य विचार नाही. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात एक प्रसंग आहे. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ महावीर निश्चल झाले. पण हालचाल थांबताच त्रिशलामाता शोकाकुल झाली. राजवाड्यातील गाणेबजावणे बंद पडले. मातेचे दुःख जाणून गर्भाने हालचाल केली आणि तिच्या जिवात जीव आला. मातापिता हयात असेपर्यंत गृहत्याग करणार नाही हा संकल्प त्याच प्रसंगातला. या कथेचे धार्मिक विवरण साधू-साध्वींनी करावे. येथे इतकेच लक्षात घ्यावयाचे की चौदा स्वप्नांच्या आनंदाबरोबरच गर्भवतीच्या भीतीलाही त्या ग्रंथाने जागा दिली. तिला कोणी गप्प केले नाही.

मराठी आईचे पहिले पुस्तक मात्र कागदावर उतरलेच नाही. ते जात्यावर होते. मराठवाड्यासह महाराष्ट्रातील बायांनी पहाटे दळताना गायलेल्या ओव्यांत मुलाचे कौतुक आहे, तशी वांझपणाच्या टोमण्याची सल आहे, लेकीच्या जन्माची धास्ती आहे, माहेरची ओढ आहे. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. ज्यांना पाटी मिळाली नाही त्या बायांनी आपले बाळंतपण, आपली लेकरे आणि आपले दुःख दळणाबरोबर एकमेकींना ऐकवले. गिरणी आली आणि ते ऐकवणे थांबले. त्याची जागा भरून काढण्याचे काम पुस्तकाकडे आले.

ज्यांनी प्रथम लिहिले

पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक १८८२ चे. त्या वर्षीच्या प्रारंभी त्यांना वैधव्य आले होते आणि कन्या मनोरमा अवघी वर्षाची होती. त्या स्थितीत त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हे पुस्तक लिहिले. त्यात स्त्रीने शिकावे, आपले शरीर जाणावे, मुलांचे पालन विचारपूर्वक करावे असे विवेचन आहे. आजच्या वाचकाला त्यातील काही उपदेश जुना वाटेल. परंतु मूल वाढवणे ही केवळ अंगभूत माया नसून शिकून घ्यावयाची गोष्ट आहे, असे एका तरुण मातेने मराठीत सांगितले, याचे मोल कमी होत नाही.

त्याच काळातील दुसरी माता डॉ. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहाच दिवसांत तो गेला. स्त्रियांना तपासणारी स्त्री डॉक्टर हवी, ही तळमळ त्या दुःखातून बळावली. १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. चौदा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर मूल देणाऱ्या चालीरीतीची किंमत या पुस्तकांत वाचावयास मिळते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. बाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हते. काही अपत्ये लहानपणीच गेली. पतीने धर्मांतर केल्यावर काही वर्षे लहानग्या दत्तूला घेऊन त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे दुष्काळात निराधार झालेली मुलेही त्यांनी घरात वाढवली. हे सारे त्या सांगतात ते हसत-हसवत. स्वतःच्या फजितीवर हसणारी आई मराठी पुस्तकात प्रथमच अशी मनमोकळी भेटली. बाळ हातातून निसटेल, दूध पुरणार नाही, लोक काय म्हणतील, या धास्तीने अर्धमेली झालेल्या पहिलटकरणीने हे पुस्तक जरूर वाचावे. आई होण्यासाठी चुका न करणारी बाई व्हावे लागत नाही, हा धीर त्यातून मिळतो.

‘श्यामची आई’ कशी वाचावी

या टप्प्यावर ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा उल्लेख अपरिहार्य आहे. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. मराठी घरात आईविषयी दुसरे कोणतेही पुस्तक इतके वाचले गेले नसेल.

तथापि हे पुस्तक बहुधा मुलांच्या हाती दिले जाते, आणि आईने मुलांना कसे वळण लावावे याचा आदर्श म्हणून नव्या आईपुढे ठेवले जाते. त्यामुळे अनेकींना त्याचे ओझेच वाटते. वास्तविक त्या पुस्तकातील आई थकलेली आहे. घर कर्जात बुडालेले आहे, सावकाराचा माणूस दारात येतो, शरीर तापाने खंगते आहे. मुलाला घडवणारी माता दिसते तितकीच स्पष्ट ही पिचलेली स्त्रीही दिसते, मात्र ती पाहण्याची इच्छा हवी.

त्यातील ‘अळणी भाजी’ हे प्रकरण घरातील पुरुषांनी मुद्दाम वाचावे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही त्यांच्याकडे पाहून गप्प राहतात. सकाळपासून राबून जिने स्वयंपाक केला तिचे मन दुखावू नये, इतकाच त्यांचा हेतू. स्वतः जेवावयास बसल्यावर आईला चूक कळते आणि तिला वाईट वाटते. संस्कार घडवणाऱ्या त्या घरात आईच्या कष्टाची दखल घेणारा एक पुरुषही होता, ही गोष्ट आदर्श मातेचे गुणगान करताना विसरली जाते. त्या आईची थोरवी सांगावयाची असेल, तर ताटावर गप्प राहिलेल्या वडिलांचीही गोष्ट सांगावी.

शरीराचे आणि भुकेचे सत्य

मातृत्वाचे वास्तव सांगणाऱ्यांत काही पुरुषही होते, आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी स्वतःच्या बळावर चालवले. प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले. त्यांची सर्वच मते सर्वांना पटणार नाहीत, तशी ती त्यांच्या काळातही पटली नाहीत. पण दरवर्षी पाळणा हलल्याने बाई खंगते, मूल कधी व्हावे यात तिच्या इच्छेलाही स्थान आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मराठीत निःसंकोच मांडले.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिले आणि सुमारे वीस वर्षे लिहिलेले कागद दडवून ठेवले. महारवाड्यातील बाळंतपणाचे त्यातील वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. कोवळ्या वयात अडलेली पोर, हाताशी अडाणी उपचार, आणि बाळंतिणीच्या पोटात घालावयाला घरात अन्न नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा ज्या घरातून निघतो त्या घराने हे पान वाचणे अगत्याचे आहे. एकाच गावात, एकाच नदीच्या काठी दोन बाळंतिणींच्या वाट्याला किती वेगळे बाळंतपण येते, हे त्यातून कळते. दानधर्माची दिशाही अशा वाचनातून ठरू शकते.

उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ चे. कोकणातील त्यांची आई वडिलांच्या मागे बांबूची आयदाने, म्हणजे सुपे-टोपल्या, विणून मुलांना वाढवत होती. लेखिका स्वतः नोकरी, संसार, मुले आणि वाचन-लेखन यांचा ताळमेळ घालत राहिली. पोटच्या मुलाच्या मृत्यूचे दुःखही तिने लिहिले. नोकरी करणाऱ्या आजच्या सुनेला या पुस्तकात आपली दगदग ओळखू येईल; तिच्या सासूला ती दगदग समजू शकेल.

मुले वाढवण्याची पुस्तके

बाळंतपणानंतरचा मोठा प्रवास मूल वाढवण्याचा. याबाबतीत गुजराती व मराठी भाषांचे नाते जुने आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका यांनी पालकांसाठी लिहिलेल्या एका गुजराती पुस्तकाचे नावच ‘माबाप थवुं आकरुं छे’, म्हणजे आईबाप होणे कठीण आहे, असे आहे. मूल हट्टी का झाले हे विचारण्यापूर्वी पालकांनी स्वतःकडे पाहावे, हे त्यांचे सांगणे.

गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी तो विचार महाराष्ट्रात आणला. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी बालशिक्षण सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तोच शब्द देशभर नेला. आज पूर्णा तालुक्यातील गावोगावी ज्या अंगणवाड्या दिसतात त्यांच्या नावामागे ही मराठी माता आहे. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ तेराव्या वर्षी विवाह होऊन काही महिन्यांतच विधवा झाल्या. स्वतःचे मूल नसताना शेकडो मुलांच्या त्या माता झाल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन. पोटी मूल नाही म्हणून ज्या भगिनींना समारंभात मागे उभे राहावे लागते, त्यांना ते पुस्तक मानाने द्यावे.

पुढील पिढीत पुण्याच्या गरवारे बालभवनातून शोभा भागवत यांनी ‘आपली मुलं’ यांसारख्या पुस्तकांतून पालकांशी सोप्या भाषेत संवाद साधला. मारणे, धाक, तुलना, बक्षिसाचे आमिष या रोजच्या गोष्टींविषयी त्या बोलतात. १९८७ मध्ये पुण्यातच सुरू झालेल्या ‘पालकनीती’ मासिकाने पालकत्व ही आई आणि वडील अशा दोघांची जबाबदारी आहे हे मांडले. परीक्षेच्या गुणांवर आणि व्यापारातील यशावर मुलांचे मोल ठरवणाऱ्या घरांना हे लेखन काहीसे टोचेल. टोचले तरी वाचावे.

आरोग्याच्या बाजूने डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांचे काम दिशादर्शक आहे. गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यांतील फारच थोड्यांची पूर्वी कधी तपासणी झाली होती. १९८९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर ग्रामीण स्त्रीच्या मौनाचा अर्थ वैद्यकीय जगाला कळला. पुढे गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्यास काय होते हे त्यांनी ३९ गावांत पाहिले. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये जगापुढे आला. महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयीचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आणि राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक संस्थेच्या कपाटात असावे अशा योग्यतेचे आहे.

पुस्तकांच्या मर्यादा

पुस्तक म्हणजे आगम नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ मध्ये निघाले आणि जगभर घराघरांत पोहोचले. आईने स्वतःवर विश्वास ठेवावा, ही त्यांची शिकवण मोलाची होती. परंतु त्याच पुस्तकाच्या पन्नाशीच्या दशकातील आवृत्तीपासून बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला दिला गेला. पुढील संशोधनात तो घातक ठरला. १९९० नंतर बाळाला पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हा अनेक देशांत झोपेतील आकस्मिक बालमृत्यू ठळकपणे कमी झाले. मोठ्या नावाचे पुस्तकही चुकते. म्हणून जुने झालेले वैद्यकीय सल्ले डॉक्टरांना विचारूनच पाळावेत.

हीच कसोटी घरातील रूढींनाही लावावी. सव्वा महिन्याची विश्रांती, माहेरचा आसरा, पौष्टिक आहार, आयाबायांची सोबत या रूढी गुणकारी आहेत, त्या जपाव्यात. पहिला चीक काढून टाकणे, जन्मताच बाळाला मध चाटवणे या मात्र सोडाव्यात. चीक हे बाळाचे पहिले संरक्षण आहे. जन्मल्यावर तासाभरात स्तनपान सुरू व्हावे, सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये आणि वर्षाच्या आत मध देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. आईच्या मनाबाबतही एवढे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे की पहिल्या काही दिवसांचे हळवेपण सामान्य आहे. परंतु दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळ निजले असतानाही आईला झोप लागत नसेल, बाळाविषयी ओढ वाटत नसेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत. तिला नाटकी किंवा आळशी म्हणू नये, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावा.

सुवर्णमहोत्सवाचे एक कार्य

संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली. या काळात मंदिर, पाठशाळा, प्रवचने, अन्नदान यांसाठी समाजाने सढळ हाताने दिले. त्याच उदारतेने तीन छोटी कामे सहज होण्यासारखी आहेत.

पहिले, संस्थेच्या वास्तूत एक कपाट या पुस्तकांसाठी राखून ठेवावे. येथे उल्लेखिलेली पुस्तके एका कपाटात मावतात. दुसरे, महिला मंडळाने महिन्यातून एक दुपार त्यांच्या सामुदायिक वाचनाला द्यावी. त्या दुपारी सासू आणि सून एकाच सतरंजीवर बसाव्यात आणि वर्षातून निदान दोनदा पुरुषांनीही बसावे. ओव्या गाताना बाया जे एकमेकींना सांगत, ते सांगण्यासाठी पुन्हा एक जागा निर्माण होईल. तिसरे, समाजातील प्रत्येक बाळंतिणीला संस्थेतर्फे एक पुस्तक भेट द्यावे. ‘स्मृतिचित्रे’ द्यावे, ‘आपली मुलं’ द्यावे. निवड मंडळाने करावी. पहिल्या पानावर आईचे नाव लिहावे, कारण बारशाच्या दिवसापासून सारे घर बाळाचे नाव घेते आणि आईचे नाव मागे पडते.

भेट देताना एक गोष्ट पाळावी. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, असा रिवाज अनेक घरांत आहे. मिठाई निराळी असली की डबा उघडण्याआधीच शेजाऱ्याला कळते, आणि बाळंतिणीलाही कळते की घराने काय मागितले होते आणि काय मिळाले. पुस्तक मात्र दोन्ही वेळा एकच असावे, तितक्याच आनंदाने दिलेले. ८८९ हा आकडा एका दिवसात बदलणार नाही. ज्या घरात मुलीच्या आईलाही त्याच हाताने तीच भेट मिळते, त्या घरापासून तो बदलू लागेल.

पूर्ण्याच्या स्थानकावर उद्याही एखादी लेक माहेराहून निघेल. तिच्या पिशवीत लाडवांच्या डब्याशेजारी एक पुस्तक असेल. रात्री बाळ रडू लागेल, ती त्याला पाजील, थोपटील, आणि ते शांत झाल्यावर दिव्याच्या मंद उजेडात दोन पाने वाचील. आपण एकटी नाही एवढे तिला त्या दोन पानांतून कळले, तरी ही भेट सार्थकी लागली असे समजावे.